"काका, हे तर बँडचं आहे!"

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी अण्णांची कॅसेट घेऊन एका दुकानात गेलो होतो. जुन्या टेपा डिजिटल करून देतात तिथे. नव्वद मिनिटांची कॅसेट, आत पांढरी बुरशी, वर निळ्या शाईत 'नाट्यपदे, एप्रिल ८६'. काउंटरवरच्या पोराने दोन मिनिटं लावून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे तर बँडचं आहे! ह्याला कशाला पैसे घालवताय? ओरिजिनल यूट्यूबवर आहे की."

ओरिजिनल म्हणे.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. सांगलीत दिवसभर हळदीच्या अडतीवर दिवाणजी, लग्नसराईत बँडमध्ये ट्रंपेट. त्या एप्रिलमध्ये एका दुपारी सुपारी नव्हती, म्हणून चौघं आमच्या माजघरात बसले. ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) आणि ढोल. ढोलवाल्याला ओसरीवर पिटाळलं होतं, नाहीतर बाकी काही ऐकूच आलं नसतं. टेपरेकॉर्डर कोनाड्यात. आणि 'नाथ हा माझा' सुरू झालं.

१९१६ च्या 'स्वयंवर'मधलं पद, भास्करबुवा बखल्यांची चाल, राग यमन. बालगंधर्वांनी गायलेलं हे पद तीन बटणांच्या पितळी नळीतून काढायचं म्हणजे काय, ते त्या पोराला कोण सांगणार? बँडचा सा काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. सा, प आणि वरचा सा एकही बटण न दाबता येतात. तीव्र मध्यम आणि निषाद दोन्ही मधल्या एकाच बटणावर, फरक सगळा ओठांचा. ओठ जरा ढिले पडले की यमन गेला! आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं? त्यासाठी अण्णा बटण अर्धंच दाबून ठेवायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वरातीत घोड्यापुढे उलटं चालता चालता आलेलं शहाणपण.

आपण मात्र बेसूर गाणाऱ्याला काय म्हणतो? "लग्नाच्या बँडसारखं गातोय."

बरं, मान्य. बरेच बँड बेसूर वाजवतात, आणि नागीण डान्सच्या फर्माइशीपुढे यमनाला कोण विचारतो. पण दोष एकट्या बँडवाल्यांचा का? सांगली नाट्यपंढरी म्हणून छाती फुगवतो आपण, विष्णुदास भाव्यांनी इथे केलेल्या १८४३ च्या 'सीता स्वयंवर' नाटकाचं नाव ऊठसूट काढतो. माझ्या आजीने आयुष्यात एक संगीत नाटक पाहिलं नाही. तिकिटाला पैसे कुठे होते? तिला येणारी सगळी पदं दारावरून जाणाऱ्या वरातींतून आलेली. शब्द अर्धे चुकीचे, चाल पक्की.

पुतणी इंग्लंडात लीड्सला असते. मागच्या दिवाळीत तिने तिथल्या ब्रास बँडच्या सीडी आणल्या, लंडनच्या संगीत नाटकांतल्या गाण्यांच्या. ऐकून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तिच्या गावापासून जवळच क्वीन्सबरीच्या लोकरीच्या गिरणीचा ब्लॅक डाइक बँड, १८५५ पासूनचा. १९६८ मध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीने स्वतः उभं राहून त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घेतली. गिरणी कामगारांचा बँड, लक्षात घ्या. आणि आमच्या हळदीच्या दिवाणजीची? कोनाड्यातली एक कॅसेट, तीही बुरशी लागलेली. आता तर वरातीत डॉल्बी, म्हणजे रेकॉर्ड करायलाही कुणी उरलेलं नाही.

असो. फार तापलो. पोरगं वाईट नव्हतं. विशीतलं असेल, त्याने बँड ऐकलाय कुठे धड? कॅसेट उघडून कापसाने टेप पुसत बसला होता बिचारा, ते मी निघताना पाहिलं.

कॅसेटमधली एक जागा मला पाठ आहे. दुसऱ्या अंतऱ्याला अण्णांचा दम संपतो, सूर थरथरतो, आणि क्लॅरिनेट अलगद खालून येऊन तो सूर उचलतं. तेवढ्यात काकूंचा आवाज, "चहा निवतोय हो!" आणि कुणीतरी खुदकन हसतं. वाजवणं थांबत नाही.

हे लिहीत असतानाच त्या पोराचा व्हॉट्सॲप आला. "काका, फाइल झाली. मध्ये एक बाई बोलतायत, तेवढं साफ करून टाकू का?"

लगेच फोन केला. म्हटलं, बाबा रे, हातसुद्धा लावू नकोस.