भरली नाहीये हो, फुगलीय!

"काय मस्त भरलीय हो तुमची कोंबडी! रविवारी का?"

चार दिवसांत सहा जणांनी विचारलं. सहा! सातव्याला मी डालगं फेकून मारणार होते.

अहो, भरली नाहीये, फुगलीय ती. सोमवारी बोक्याने धरली, ओरडाओरडा केला तशी सोडली. रक्ताचा थेंब नाही. पण आत हवेची पिशवी फाटली. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पातळ पिशव्या असतात, त्यातली एक फाटली की श्वासागणिक हवा कातडीखाली साचत जाते. बुधवारपर्यंत आमची चिंगी मानेपासून मांडीपर्यंत टम्म. बोटाने दाबलं की कुरकुर वाजायचं. पंख मिटेनात, पाय फाकवून चालायची बिचारी.

सरकारी दवाखान्यात नेली. पुढे एक म्हैस, दोन शेळ्या. आमचा नंबर आला. "मर लागलीय का? किती मेल्या?" म्हटलं, एकही नाही, ही एकच आहे. "एकच?" असं म्हणून साहेब वळले तिसऱ्या शेळीकडे, जी माझ्यानंतर आली होती! म्हणजे उपचार हवा तर आधी पन्नास मारून आणायच्या का?

तालुक्याच्या पेट क्लिनिकमध्ये वेगळीच तऱ्हा. "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो." वर कंपाउंडर हळूच म्हणतो, "ताई, रस्सा करा, सुटेल बिचारी." कुत्र्याला सलाइन आणि कोंबडीला मसाला!

शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी घरी बोलावलं. कातडी स्पिरिटने पुसली, शीर चुकवून नव्या सुईने टोचलं, हलक्या हाताने दाबलं. फुस्स! संध्याकाळी पुन्हा फुगली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कातडीला बारीकशी चीर दिली आणि ती लगेच मिटू द्यायची नाही म्हणाले, आतली पिशवी सांधेपर्यंत हवा बाहेर पडत राहायला हवी. दहा मिनिटांचं काम हो हे! त्यासाठी मी चार दिवस डालगं घेऊन वणवण फिरले.

आता दोन वेळा जखम पुसते, माशा बसू नयेत म्हणून तिला घरातच ठेवलंय. आज ज्वारी टिपतेय, अंग बरंच उतरलंय.

शेजारच्या काकू डोकावल्या. "अगंबाई, वाळली की गं! तेव्हाच कापायला हवी होती."