एमक्यू-१३५ आणि कार्बन डायऑक्साइड: दीडशे रुपयांतली पीपीएम

सध्या सगळीकडे फिरणारा दावा थोडक्यात असा: एमक्यू-१३५ हा दीडशे रुपयांचा वायू-सेन्सर आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडा, लायब्ररी (वाचनाचा आकडा करणारा तयार प्रोग्राम) टाका, दहा मिनिटं तापू द्या, की घरातला कार्बन डायऑक्साइड अचूक पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असा दिसतो. आत नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, टिन ऑक्साइड असल्यामुळे तो नेमका हवा तोच वायू ओळखतो. वर पॉलिअ‍ॅनिलीन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा थर दिला तर सेन्सर तापवणाऱ्या आतल्या हीटरचीही गरज नाही.

"तो कार्बन डायऑक्साइड ओळखतो."

टिन ऑक्साइड तापलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांना चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे रेझिस्टन्स वाढतो. अल्कोहोल, अमोनिया, एलपीजी असले वायू त्या ऑक्सिजनशी जळतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स पडतो. सगळा खेळ एवढाच. कार्बन डायऑक्साइड तर आधीच पुरता जळून झालेला वायू. तो आणखी काय जळणार? लँथॅनमसारखी भर घालून या वायूसाठी खास बनवलेले थर प्रयोगशाळांत असतात, पण ती वेगळी गोष्ट.

"मी फुंकर मारली, आकडा लगेच चढला" हा नेहमीचा पुरावा. फुंकरीत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो हे खरं, पण ती फुंकर गरम आणि वाफेने भरलेली असते, आणि हा सेन्सर ओलाव्याला हमखास दाद देतो. सॅनिटायझर लावलेला हात जवळ धरा, आकडा त्याहून वर जाईल. तेवढ्यात खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसतो. उलटी गंमत नायट्रोजन डायऑक्साइडची: तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, रेझिस्टन्स वाढवतो, आणि रहदारीच्या धुराने भरलेली हवा सेन्सरला थोडी 'स्वच्छ' वाटू शकते.

"पण बाहेर नेला की बरोबर ४०० च दाखवतो."

दाखवणारच, तसं आपणच त्याला सांगितलेलं असतं. खूप वापरल्या जाणाऱ्या एका लायब्ररीत बाहेरच्या हवेचा आकडा ३९७.१३ पीपीएम असा लिहूनच ठेवला आहे, आणि त्यावरून आर-झिरो, म्हणजे आपल्या सेन्सरचा तुलनेसाठीचा मूळ रेझिस्टन्स, काढायचा असतो. बरेच जण तेही करत नाहीत. लायब्ररीतला ७६.६३ किलोओहम तसाच ठेवतात, जो दुसऱ्याच कुणाच्या तरी सेन्सरचा आहे.

खरी मेख रेझिस्टन्सवरून पीपीएम काढणाऱ्या सूत्राच्या घातांकात आहे: उणे २.७७. रेझिस्टन्स १० टक्क्यांनी पडला की पीपीएम सुमारे ३४ टक्क्यांनी वाढतो. डेटाशीटच्या (उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या) आलेखानुसार ओलावा ३३ वरून ८५ टक्क्यांवर गेला तर रेझिस्टन्स साधारण एवढाच पडतो. म्हणजे जूनचा पहिला पाऊस आला की घरात कुणी नसतानाही ४०० चे ५३० होऊ शकतात. लायब्ररीत ओलाव्याची दुरुस्ती आहे, पण ती ज्यावरून घेतली तो आलेख १०० पीपीएम अमोनियात काढलेला आहे, कार्बन डायऑक्साइडमध्ये नाही.

आता बोर्ड उलटा करून बघा. बऱ्याच स्वस्त सेन्सर-बोर्डांवर लोड रेझिस्टर (सेन्सरला जोडलेला, ज्यावरचं व्होल्टेज आपण वाचतो तो) '१०२', म्हणजे १ किलोओहमचा असतो. सेन्सरचा रेझिस्टन्स १०० किलोओहमच्या आसपास असेल तर पिनवर जेमतेम ५० मिलिव्होल्ट येतात. आर्डुइनो उनोच्या १० बिटांच्या एडीसीत (व्होल्टेजचा ० ते १०२३ आकडा करणाऱ्या भागात) त्याचं वाचन होतं १०. ते ११ झालं की ४०० चे ५२०, आणि ९ झालं की थेट ३०० च्या खाली, म्हणजे जगात कुठेच नसलेली शुद्ध हवा! एका पायरीचा हा फरक. '१०२' काढून तिथे २२ किलोओहम लावा: वाचन १८५ च्या आसपास येतं आणि एका पायरीने पीपीएम दोनेक टक्केच हलतो. बोर्डावरचा निळा प्रीसेट फिरवून हे साधत नाही. तो फक्त डिजिटल (हो-नाही सांगणाऱ्या) पिनचा उंबरठा ठरवतो.

"दहा मिनिटं तापवलं की पुरे."

डेटाशीट २४ तासांहून जास्त सांगते, ते उगाच नाही. पाकिटात पडून असताना कणांवर बसलेलं पाणी आणि इतर वाफा जाईपर्यंत वाचनाचा पायाच सरकत राहतो. हीटर ३३ ओहमचा, ५ व्होल्टवर साधारण १५० मिलिअँपिअर घेणारा. असे चार सेन्सर एका यूएसबीवर लावले की त्याची ५०० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली, व्होल्टेज बसलं, तापमान पडलं, वाचन गेलं. सेन्सरची डबी सिलिकॉन सीलंटने चिकटवू नका: त्याच्या वाफेतून तापलेल्या कणांवर सिलिका बसते आणि सेन्सर कायमचा बहिरा होतो.

"नॅनो आहे म्हणून नेमका वायू ओळखतो."

कण साधारण ६ नॅनोमीटरच्या खाली गेला की इलेक्ट्रॉनविरहित थर संपूर्ण कण व्यापतो आणि संवेदनशीलता झपाट्याने वाढते. ती वाढते सगळ्याच जळणाऱ्या वायूंसाठी. निवड कणाच्या आकारातून येत नाही. ती पॅलॅडियमसारखी भर, तापमान आणि गाळणी यांतून येते, तीही अर्धीमुर्धी. शिवाय भट्टीत ६०० अंशांना भाजलं की ते बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात.

"पॉलिअ‍ॅनिलीन लावा, हीटर नको."

अमोनियासाठी हे खरं आहे. अमोनिया पॉलिमरमधला प्रोटॉन काढून घेतो, हिरवा थर निळसर होतो, रेझिस्टन्स वाढतो, सगळं खोलीच्या तापमानाला. पण हीटर नाही म्हणजे चिकटलेला वायू लवकर सुटत नाही, शून्यावर यायला वेळ लागतो, आणि ओलाव्याचा त्रास राहतोच. बनवताना एक चूक बहुतेकांची होते: गाळलेला पॉलिअ‍ॅनिलीनचा हिरवा चोथा साध्या पाण्याने खूप धुतात. त्याने आम्ल निघून जातं आणि थर मोजमापाआधीच मरतो. ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग अ‍ॅसिटोनने धुवा, ६० अंशांना वाळवा. कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र या थराचा काही उपयोग नाही.

तो मोजायचाच असेल तर एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा सेन्सर, घ्या. हा वायू ४.२६ मायक्रॉनचं अवरक्त किरण शोषतो, आणि एमएच-झेड१९ सारखी मॉड्यूलं नेमकं तेच मोजतात. किंमत कितीतरी पट. खिडक्या कायम बंद असलेल्या खोलीत त्याचं ऑटो-कॅलिब्रेशन (आपोआप होणारी आकड्याची जुळणी) बंद ठेवा, कारण ते दिवसातल्या सर्वांत कमी वाचनालाच ४०० समजतं.