गावरान जेवण अन् खडी गंमत: जाणाऱ्यांसाठी हिताच्या गोष्टी

शनिवारी आईला काटोल रोडवरच्या एका 'गावरान' हॉटेलात घेऊन गेलो होतो. जेवणासोबत खडी गंमत, म्हणजे आपल्या विदर्भातलं तमाशासारखं लोकनाट्य, माणशी साडेसातशे. आई लाखांदूरकडची, लग्न होऊन नागपूरला आल्यापासून तिनं गंमत पाहिली नव्हती. तिथं आजूबाजूच्या टेबलांवरून जे शिकलो, ते तुमच्याही कामी यावं.

कार्यक्रम साडेसातचा असेल तर सव्वाआठला पोचा. गण सुरू असताना ढोलकीवाल्याच्या अगदी नाकासमोरून आडवं जायचं आणि जोरात विचारायचं, "सुरू झालं काय बे?"

बाज पकडायची ती पहिल्या रांगेतलीच. मग मंचाकडे पाठ करून बसायचं.

वेटरला हाक मारू नका, टाळ्या वाजवा. शाहिराला वाटतं, दाद मिळाली. तेवढंच पुण्य.

फोन आला तर घ्याच. "काही नाही, जेवून राहिलो. हो, कोणी तरी नाचून राहिलं इथं." माणूस नाचत असतो चार हातांवर, पण त्याला थोडंच ऐकू येतं!

पोरगं कंटाळलं तर मंचावर सोडा.

आणि वाढदिवस असेल तर तो नक्की अशाच संध्याकाळी करा. गंमत ऐन रंगात यायची वाट पाहा. परवा नाच्या झालेले काका, वय पंचावन्नच्या पुढचं, लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून तासभर उभे होते. खडी गंमतच ती, बसायची सोयच नाही. सासूचं सोंग आलं, सून आता काय उत्तर देते म्हणून आई पुढं सरकून बसली, आणि मॅनेजरनं मंचाकडे बघून हात वर केला. थांबा. का? तर नऊ नंबरच्या टेबलावर केक आलाय. शाहिराच्याच माइकवर हॅपी बर्थडे. मग स्पीकरवर डीजेची गाणी, मग तो फेसाचा फवारा, त्यातला अर्धा आईच्या पाटवडी रश्श्यात. वीस मिनिटं ढोलकीवाला ढोलकीवर हात ठेवून उभा. काका कोपऱ्यात पदर सावरत. कुणी त्यांना पाणी विचारलं नाही, केक तर दूरच. आणि वीस मिनिटांनी मॅनेजर काय म्हणाला? "आता फटाफट आटपा, बुफे बंद करायचाय." सुनेचं उत्तर राहिलंच.

काय उपदेश करू आता तुम्हाला, डोंबल?

2023 मध्ये झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, परशुराम खुणे या नटाला पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्हीच स्टेटस ठेवलं होतं ना, 'आपल्या विदर्भाची शान'? त्याच झाडीपट्टीत, वडशाकडे भर थंडीत लोक कानाला मफलर बांधून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. तुम्हाला मटणाचा रस्सा थंड होईस्तोवर गप्प बसवत नाही. सुरेश भट सभागृहात तिकीट काढून जाता तेव्हा बरं तोंड बंद असतं! इथं समोरचा भंडाऱ्याकडून एसटीनं आलाय, लुगड्यात आहे, म्हणून तो तुमच्या ताटातली चटणी झाला का? लाज वाटू द्या जरा. आणि त्या हॉटेलवाल्यालाही. जाहिरातीत 'आपली लोककला' असं ठळक छापतो आणि कलावंतांना जेवायला बसवतो साडेअकराला, रस्सा संपल्यावर.

निघताना काका हात धुवायच्या बेसिनवर तोंडावरचा रंग काढत होते. आई सरळ त्यांच्यापाशी गेली.

"भाऊ, मंग सून काय म्हणाली?"

त्यांनी ओल्या तोंडानंच पदर डोक्यावर घेतला, घुंगरू पिशवीत गेले होते म्हणून पाय नुसताच आपटला आणि एकट्या आईसाठी सुनेचं उत्तर सुरू केलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र अर्धंच ऐकू आलं. माझी गाडी तुमच्या गाडीला आडवी होती आणि तुम्ही हॉर्नवरचा हात काढत नव्हता.