आर्मेरो लाव्हारसाखाली गाडलं गेलं नव्हतं

कोलंबियातलं आर्मेरो हे गाव १९८५ मध्ये लाव्हारसाखाली गाडलं गेलं, अशी माहिती सध्या फिरते आहे. ती चुकीची आहे. लाव्हारस तिथवर पोहोचलाच नाही. १३ नोव्हेंबरच्या रात्री नेवादो देल रुईस या ज्वालामुखीचा उद्रेक तसा लहानच होता, पण तप्त राखेनं आणि खडकांनी शिखरावरचं बर्फ वितळवलं. ते पाणी माती-दगड ओढत नदीच्या खोऱ्यांतून उतरलं आणि सुमारे अडीच तासांनी, ७० किलोमीटरहून जास्त अंतर कापून, गावावर आदळलं. एकूण सुमारे २३,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक आर्मेरोची.

हा फरक किरकोळ नाही. भीती फक्त लाव्हारसाची असेल, तर दूरच्या गावाला आपण सुरक्षित आहोत असंच वाटत राहतं. चिखलाचा लोंढा मात्र नदीची वाट धरतो, त्यामुळे त्याचा नकाशा आधी काढता येतो. तसा नकाशा ऑक्टोबरमध्येच तयार होता आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात होतं. १८४५ सालीही याच खोऱ्यात असाच लोंढा येऊन सुमारे हजार जण मेले होते. पुढे त्याच गाळावर हे गाव वसलं!

अडीच तासांत जवळच्या उंचवट्यावर चढून जाणं शक्य होतं. म्हणून ‘कुणालाच काही करता आलं नसतं’ हे वाक्यही कृपया पुढे पाठवू नका.