आईच्या दुधाला विष ठरवणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या रविवारी चिपळूणला भाचीकडे गेले. बाळंत होऊन सात आठवडे झालेत तिला. बाळ आजेसासूबाईंच्या मांडीवर, तोंडात बाटली. आणि ही मोरीपाशी उभी राहून दूध पिळून टाकत होती. "छाती दाटते गं मावशी, गाठी होतात, काढावंच लागतं." मग अंगावर का पाजत नाहीस, असं विचारल्यावर तिने ओल्या हातानेच मोबाइल पुढे केला. नऊ दिवस हे चाललं होतं.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय: आईच्या दुधात कारखान्यांतलं डायॉक्सिन (कचरा वगैरे जळताना तयार होणारं विषारी रसायन) असतं, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच मान्य केलंय. म्हणून अंगावरचं दूध बंद करून डब्यातली पावडर द्या. मासे, अंडी सोडा. कोथिंबिरीचा रस आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी घेतलं की 21 दिवसांत शरीर शुद्ध होतं. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका, त्यातून डायॉक्सिन सुटतं. शेवटी हात जोडलेले, आणि "प्रत्येक आईपर्यंत पोचवा".

आईपर्यंत पोचला, आणि तिचं दूध मोरीत गेलं. म्हणून आधी दुधाचंच बोलते.

दुधात डायॉक्सिन सापडतं, हे खरं आहे. मला ते लिहायला जड जातंय, पण खरं आहे. डायॉक्सिन, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं रसायन), डीडीटी (कीटकनाशक) ही रसायनं चरबीत मुरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आईचं दूध तयार होताना तिच्या अंगातली चरबी वापरली जाते, तिच्यासोबत ही रसायनंही उतरतात. पहिल्या बाळाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतात. पावडरीत बहुधा वनस्पती तेल असतं, त्यामुळे तिच्यात डायॉक्सिन कमी, हेही कबूल. मेसेज लिहिणाऱ्याने इथवरचं उचललं आणि पुढचं सोडून दिलं.

पुढचं असं. जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक दशकं देशोदेशीच्या आयांचं दूध तपासते आहे. कारण माणसांच्या शरीरात ही रसायनं किती मुरली आहेत हे रक्त न काढता त्यातून कळतं. दूध हा आरसा आहे. जे आईच्या दुधात सापडतं ते तिच्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, मेसेज पाठवणाऱ्याच्याही चरबीत आहे, फक्त त्यांचं कोणी तपासत नाही. अनेक देशांत कायदे कडक झाल्यावर दुधातलं डायॉक्सिन उतरत गेलं, हेही याच तपासण्यांतून कळलं. आणि हे सगळं आकड्यानिशी माहीत असलेली तीच संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. तिचं नाव घेऊन नेमकं उलटं सांगायला यांना काहीच वाटलं नाही?

एक अभ्यास मात्र मी भाचीला बसवून समजावला. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम आणि ग्रोनिंगेन इथल्या चारशेवर बाळांचा. निम्मी साधारण अंगावर प्यायलेली, निम्मी पावडरवर वाढलेली. मुलं साडेतीन वर्षांची झाल्यावर त्यांची आकलनशक्ती तपासली. निष्कर्ष 1999मध्ये छापून आले. पोटात असताना ज्यांना पीसीबी जास्त मिळालं ती थोडी मागे होती. दुधातून मिळालेल्या पीसीबीचा तसा संबंध दिसला नाही. उलट पोटातला तो परिणाम पावडरवरच्या मुलांत जास्त ठळक होता. पोटातल्या बाळाला जातं ते आईच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेलं. म्हणजे काळजी करायची ती होणारी आई स्वतः वाढत असते तेव्हाच्या तिच्या ताटाची, हवेची. बाळ जन्मल्यावर त्याचं दूध तोडून काय मिळवणार?

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट या मूळनिवासी बायकांच्या दुधात 1980च्या दशकात तिथल्याच क्वेबेक प्रांताच्या दक्षिण भागातल्या बायकांपेक्षा सुमारे पाचपट पीसीबी सापडलं. सील आणि व्हेल यांची चरबी त्यांच्या रोजच्या खाण्यातली. त्यांनाही स्तनपान सोडा असं सांगितलं गेलं नाही. आणि आमच्या पोरीला कोणी तरी व्हॉट्सअॅपवर सांगतो!

पावडर म्हणजे उकळलेलं पाणी, उकळलेली बाटली, अचूक माप. एक दिवस घाई झाली की जुलाब. आईच्या दुधातून मिळणारी प्रतिकारशक्ती कुठल्याच डब्यात नाही. आणि दोन वर्षांखालच्या बाळांसाठी पावडरीची जाहिरात करायला आपल्याकडे 1992च्या कायद्याने बंदी आहे. जाहिरात जे उघडपणे करू शकत नाही, ते हा मेसेज फुकटात करतोय.

आता कोथिंबीर. डायॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला 7 ते 11 वर्षं लागतात. 2004 साली युक्रेनच्या अध्यक्षपदाचे उमेदवार विक्टर युश्चेन्को यांच्यावर डायॉक्सिनचा विषप्रयोग झाला. नामवंत डॉक्टर दिमतीला होते, आणि विष प्रचंड असल्यामुळे शरीर ते नेहमीपेक्षा वेगाने फोडत होतं. तरीही ते निम्मं व्हायला पंधरा महिन्यांवर गेले. यांची कोथिंबीर ते 21 दिवसांत करणार. कोथिंबीर भाजीत घाला, चव येते.

मासे बंद करायची गरज नाही. माशांबद्दल दुसरी भीती असते ती पाऱ्याची. पारा चरबीत नाही, मांसात असतो. तो शिजवून जात नाही, हे खरं. पण तो मोठ्या, दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांत साठतो. बाळंतिणीने मुशी टाळावी, मोठी सुरमई रोज खाऊ नये. तारली, मांदेली, बांगडा खुशाल खावा. गावठी अंड्यांबद्दल एवढंच, की कोंबडी जिथे कचरा जळतो तिथली माती टोचत असेल, तर ती गावठी असूनही अंड्यात डायॉक्सिन उतरतं.

फ्रीजरच्या बाटलीचा मेसेज तर वीस वर्षं जुना आहे. 2004मध्येच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक रोल्फ हाल्डेन यांनी सांगितलं होतं की प्लॅस्टिकमध्ये डायॉक्सिन नसतं, आणि गोठवल्याने रसायनं सुटायचा वेग उलट मंदावतो.

डायॉक्सिन तयार होतं ते मुख्यतः जाळल्यावर. त्या दिवशी संध्याकाळी भाचीच्या परड्यात पालापाचोळ्याचा ढीग पेटवला होता. त्यात दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, वायरचं वेटोळं. धूर सरळ बाळाच्या खिडकीत. मेसेज पाठवणाऱ्या आजेसासूबाईंच्याच हातात काठी होती. मी म्हटलं, "आजी, तुम्ही ज्याला भिताय ते इथे तयार होतंय." त्या माउलीने बादलीभर पाणी आणून स्वतः ओतलं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. म्हणूनच मला त्या मेसेजचा राग जास्त येतो.

बाळाच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. बाळाला परत पाजायला सुरुवात कर, दर दोन तासांनी, दूध कमी वाटलं तरी. बाळ ओढेल तसं ते वाढतं, असं त्यांनी तिला सांगितलं. सोमवार आणि मंगळवार बाळ रडलं, ती रडली, बाटली पूर्ण सुटली नाही. बुधवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. कुजबुजत होती. "मावशी, आत्ता दोन्ही बाजूंना प्यालं. झोपलंय."