गाळ एकच, रकाने सहा

गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचा आहे, हे सांगायला मराठीत एक वाक्य पुरतं. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा, निधी मागायला बसलं की त्याच गाळाचे सहा रकाने होतात: गोल, ऑब्जेक्टिव्ह, स्ट्रॅटेजी, ॲक्टिव्हिटी, आउटपुट, आउटकम. 2014 पासून कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आणि आम्हा अर्ज भरणाऱ्यांना शब्दकोशाला जुंपलं. शब्दकोशही बेरकी. गोल म्हणजे ध्येय, ऑब्जेक्टिव्ह म्हणजे उद्दिष्ट, आणि उद्दिष्ट म्हणजे? ध्येय!

तेव्हा तो मिटावा आणि तलावावर जावं. गावाची पाणीटंचाई हटावी, हा गोल. त्याला तारीख नसते, त्यामुळे तो लिहायला सगळ्यात सोपा. ‘दोन वर्षांत चाळीस विहिरींना एप्रिलअखेरपर्यंत पाणी’ हे ऑब्जेक्टिव्ह; यात आकडा आणि मुदत दोन्ही हवेत, नाहीतर अर्ज परत. पोकलेन लावणं ही ॲक्टिव्हिटी. 10,000 घनमीटर गाळ निघाला, हे आउटपुट. त्या जागी आणखी एक कोटी लिटर पाणी मावेल, पण म्हणून ते आउटकमच्या रकान्यात ढकलायचं नाही. विहिरींची पातळी वाढून कुणी हरभऱ्यावर दुसरं पीक घेतलं, की ते आउटकम. थोडक्यात, आपण केलं ते आउटपुट आणि त्यामुळे लोकांचं बदललं ते आउटकम. निम्मे अर्ज इथेच आपटतात.

खरी गंमत स्ट्रॅटेजीची. मूळ शब्द ग्रीक सेनापतीचा. अथेन्सला असे दहा सेनापती दरवर्षी निवडून द्यावे लागत. आमच्या चार टेबलांच्या संस्थेत मात्र प्रत्येक जण रोज स्ट्रॅटेजी करतो. ‘पारदर्शकपणे काम करणे’ असं तिथे हमखास लिहिलेलं सापडतं. याला साधी कसोटी लावावी: उलटं करून बघावं. ‘लबाडीने काम करणे’ असं कुणी लिहील का? मग ती स्ट्रॅटेजी नव्हे, सुविचार. यंत्राचं भाडं संस्थेचं आणि गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा, ही झाली स्ट्रॅटेजी, कारण सगळा खर्च आपणच करायचा ही दुसरी वाटही शहाण्या माणसाला सुचू शकते. तीन घनमीटरची ट्रॉली धरली तरी 3,300 च्या वर फेऱ्या होतात. त्यांचं डिझेल कुणाच्या माथी मारायचं, इथेच प्रकल्प तरतो किंवा बुडतो.

टॅक्टिक्स त्याहून धाकटं. रब्बी निघून शेत आणि ट्रॅक्टर दोन्ही मोकळे झाले की काम सुरू करणं, आणि पहिली ट्रॉली ग्रामसभेत सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्या भाऊंच्या शेतात टाकणं. हे अर्जात लिहीत नाहीत, पण काम यानेच होतं. पॉलिसी वेगळी: गाळ वीटभट्टीला विकायचा नाही, हा नियम, भाऊ असोत की सरपंच. आणि ‘स्कीम’ हा आपला लाडका शब्द अमेरिकन देणगीदाराला लिहू नये. त्याच्या कानाला त्यात कारस्थानाचा वास येतो. तिथे ‘प्रोग्रॅम’ म्हणावं. ‘स्ट्रॅटेजिक ॲक्शन प्लॅन’ असं तिन्ही एकदम लिहिणाऱ्याचं मात्र काहीच ठरलेलं नसतं, असं बेलाशक समजावं.

या सहांच्या शेपटाला असतो आणखी एक, ‘असम्प्शन’चा, म्हणजे गृहीत धरलेल्या गोष्टींचा रकाना. तिथे आम्ही ‘पाऊस सरासरीइतका पडेल’ असं लिहितो. लगेच प्रश्न येतो: न पडल्यास तुमची मिटिगेशन स्ट्रॅटेजी, म्हणजे फटका कमी करायची तजवीज, काय? आम्ही लिहितो, ‘टँकर’. तीन दिवसांनी शेरा येतो: ही ॲक्टिव्हिटी आहे, कृपया योग्य रकान्यात भरावी.