संत्र्याच्या बगीच्यात हायड्रोजेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, हायड्रोजेल (मातीत मिसळायचे, पाणी शोषून फुगणारे दाणे) म्हणजे डायपरमधलंच प्लास्टिक, ‘400 पट पाणी धरतं’ ही निव्वळ जाहिरातबाजी, आणि काटोल-नरखेडच्या कास्तकाराला मी ते वावरात कालवायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय.

आधी 400 पटीचं. आकडा खोटा नाही, पण तो शुद्ध पाण्यातला आहे. या पॉलिमरच्या (लांब रेणूंच्या जाळीच्या) साखळ्यांवर ऋणभारित गट असतात. ते एकमेकांना लोटतात, जाळी फुगते आणि पाणी आत शिरतं. आपल्या बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम नेमकं याच गटांना जखडतं, मग जाळी फुगणार किती? खात्री करायची तर फुगलेलं जेल बशीत घेऊन वर चिमूटभर मीठ टाका. बघता बघता पाणी सुटायला लागतं. त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचून ओलिताच्या पाळ्या तोडणाऱ्याची फसगत ठरलेली.

‘डायपरमधलंच’ हे मात्र पटत नाही. डायपरमध्ये असतं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, आणि सोडियम वाढलं की काळी माती चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते. ते वावरात टाकाच कशाला! दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर बेतलेलं आहे, मात्रा हेक्टरी 2.5 ते 5 किलो. अ‍ॅक्रिलेटची साखळी मातीत फार सावकाश तुटते, म्हणून प्लास्टिकबद्दलची तुमची काळजी रास्तच. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जेलचा, माल असेल तर त्यात मोकळं अ‍ॅक्रिलामाइड किती उरलंय, हे दुकानदाराला विचारा. ते मज्जासंस्थेला घातक असतं. सांगत नसेल तर घेऊ नका.

खरा आक्षेप तुम्ही घेतलाच नाही. भारी काळ्या जमिनीत हे हवंच कशाला? ती माती स्वतःच पाणी धरते. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरात पाणी तोडून झाडं ताणावर सोडायची आणि मुळाशी पाणी धरणारं जेल ठेवायचं, तर ताण बसणार कसा? शिवाय मुळाशी ओल राहिली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आलाच. माझ्या मते जेलची जागा मुरमाड जमिनीत, नव्या कलमाच्या खड्ड्यात. तिथे पहिला उन्हाळा निभावला तरी पैसे वसूल. नागपूरचा मे तुम्हाला काय सांगायचा. तेही सगळ्या बगीच्यात नको. दोन ओळींना द्या, शेजारच्या दोन तशाच ठेवा.

तुमचं वावर मुरमाड की भारी, आणि पाणी विहिरीचं की बोअरचं, तेवढं कळवा. मग मात्रेचं बोलू.